ऐंशी हजारांची गरज

‘आयफोन घेऊ की सॅमसंग?’ असं मला जो विचारतो, त्याचा फोन आधीच ठरलेला असतो. त्याला सल्ला नको असतो, साक्षीदार हवा असतो. उद्या घरी ‘एवढे पैसे कशात घातलेस?’ म्हणून कुणी धारेवर धरलं, तर ‘काकाच म्हणाले’ असं सांगायची सोय. म्हणून हल्ली मी उलट विचारतो, ‘फोनवर तू करतोस काय?’ यावर माणूस चक्क रागावतो. ‘काय म्हणजे? सगळंच!’ हे सगळंच खोदून काढलं की हाती लागतं व्हॉट्सॲप, यूट्यूब, पैसे पाठवणं आणि लग्नाकार्यातले फोटो, जे पुन्हा व्हॉट्सॲपवरच जाऊन निम्मे बारीक होतात. एवढ्या कामासाठी हा गृहस्थ रात्र-रात्र जागून जगातल्या दोन बलाढ्य कंपन्यांची कुंडली जुळवत बसलेला असतो.

खरी जोडी घेऊनच बोलू. २०२४ च्या जानेवारीत गॅलेक्सी एस२४ आला, २५६ जीबीचा, भारतातली तेव्हाची किंमत ७९,९९९ रुपये. त्याच वर्षी सप्टेंबरात आयफोन १६ आला, १२८ जीबीचा, ७९,९०० रुपयांना. फरक ९९ रुपयांचा. एकाची स्क्रीन ६.२ इंच, दुसऱ्याची ६.१. वजनातला फरक दोन-तीन ग्रॅम. हेडफोनचा जॅक दोघांनाही नाही, मेमरी कार्डाची जागा दोघांनाही नाही, बॉक्समध्ये चार्जर दोघांच्याही नाही. आणि या दोघांवरून कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसच्या कँटीनमध्ये आणि सख्ख्या भावाभावांत जी जुंपते, ती बघून वाटावं की बांधाचा वाद चालू आहे.

फरक नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत, आणि ते माणूस बघून मोठे-लहान होतात. सॅमसंगला तीनपट झूमची वेगळी लेन्स आहे, आयफोन १६ ला नाही. शाळेच्या गॅदरिंगला मागच्या रांगेत बसून स्टेजवरच्या पोरीचा फोटो काढणाऱ्या बापाला हा फरक खराखुरा आहे. ज्याचे सगळे फोटो ताटाचे आणि स्वतःच्या चेहऱ्याचे, त्याला तो शून्य. सॅमसंगची स्क्रीन सेकंदाला १२० वेळा चित्र बदलते, आयफोन १६ ची ६०. ऐंशी हजार मोजून घेऊन ६० वर बोळवण करणं हा ॲपलचा शुद्ध माज होता. पण आई त्या फोनवर हरिपाठ वाचणार असेल, तर तिला हा माज जन्मात जाणवायचा नाही. सॅमसंगने सात वर्षं अपडेट देण्याचं वचन दिलं आहे. ॲपल असं वाजवून सांगत नाही, पण २०१८ च्या आयफोन एक्सआरला त्याने २०२४ मध्येही नवी आवृत्ती दिली होती. दर दोन वर्षांनी फोन बदलणारे लोक या सात वर्षांवर तावातावाने का भांडतात, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आणि ही तुलना करायची कशाच्या जोरावर? अमेरिकेतल्या कुणा पोराचे व्हिडिओ पाहून. त्याच्या हातातल्या एस२४ मध्ये स्नॅपड्रॅगनची चिप होती, भारतात तेव्हा विकलेल्यात सॅमसंगची स्वतःची एक्सिनॉस. त्याच्या आयफोनला २०२२ पासून सिमचा ट्रेच नाही, आपल्याकडच्याला एक आहे. म्हणजे नावं तीच, पण वस्तू आपल्याला मिळणार ती नव्हे. त्याच्या बॅटरीचा निकाल आपण इथे कोथरूडमध्ये बसून शिरोधार्य मानतो. बरं, आपल्याकडचे रिव्ह्यूवाले तरी काय करतात? चार दिवस फोन वापरतात आणि चार वर्षांचा निकाल सांगतात. फोन आला कुठून, फुकट आला का, हे सांगायला जीभ रेटत नाही ती वेगळीच गोष्ट.

आता ज्यांना वाटतं की ही दोन घराणी एकमेकांच्या जिवावर उठली आहेत आणि आपण एका बाजूने लढलं पाहिजे, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. ॲपलने सॅमसंगला २०११ मध्ये नक्कल केल्याबद्दल कोर्टात खेचलं. खटला सात वर्षं चालला, २०१८ च्या जूनमध्ये तडजोड झाली. दरम्यान २०१७ मध्ये आयफोन एक्स निघाला. त्याची स्क्रीन कोणी पुरवली? सॅमसंगने. वकील कोर्टात भांडत होते आणि माल गोदामातून सुखरूप जात होता. २०१६ मध्ये ॲपलने हेडफोनचा जॅक काढला तेव्हा सॅमसंगने जाहिराती करून त्याची टिंगल केली. २०१९ च्या नोट १० मधून स्वतःचाही काढला. २०२० च्या ऑक्टोबरात आयफोन १२ चार्जरशिवाय आला, सॅमसंगने पुन्हा टोमणा मारला. मग टोमण्याच्या पोस्ट गुपचूप पुसल्या गेल्या, जानेवारी उजाडला आणि एस२१ चार्जरशिवाय आला. त्या टोमण्यांवर टाळ्या पिटणारे आपले वीर मात्र अजून रणांगणातच उभे आहेत, सेनापती कधीच तह करून घरी गेले.

दंडाचा हिशेबही सारखाच. २०१८ च्या ऑक्टोबरात इटलीच्या स्पर्धा आयोगाने एकाच दिवशी दोघांनाही दंड केला: ॲपलला एक कोटी युरो, सॅमसंगला पन्नास लाख. दोघांचा सामाईक गुन्हा हा, की जुन्या फोनांवर असे अपडेट ढकलले की ते मंदावले. मग पाण्याची गोष्ट. फोन पाण्यात टिकतो अशी जाहिरात दिशाभूल करते म्हणून इटलीने २०२० मध्ये ॲपलला पुन्हा एक कोटी युरोंना धरलं. फोन तरणतलावात आणि समुद्रात वापरल्याचं दाखवणाऱ्या जाहिरातींसाठी ऑस्ट्रेलियाच्या कोर्टाने २०२२ मध्ये सॅमसंगला एक कोटी चाळीस लाख डॉलरचा दंड केला, तिथले डॉलर. पाण्यात टिकण्याचं ते आयपी६८ मानांकन का काय ते प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यातलं असतं. लांज्याच्या पावसात मोटारसायकलवर, किंवा मालवणच्या खाऱ्या पाण्यात तुमच्या फोनचं काय होईल, ते त्यात लिहिलेलं नसतं. फोन भिजून बंद पडला की वॉरंटीतून बाहेर, हे मात्र दोन्हीकडे बारीक अक्षरात असतं. जाहिरातीत पाणीच पाणी, वॉरंटीत ठणठणीत कोरडं.

मेगापिक्सेलवर मी जास्त शब्द खर्च करत नाही. एस२३ अल्ट्राचा २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा तुम्ही सेटिंग न बदलता वापरलात तर फोटो १२ चा देतो. पंधरा हजारांच्या फोनांवर मागे जे तीन-चार डोळे असतात, त्यातला एखादा २ मेगापिक्सेलचा, निव्वळ शोभेचा.

गरज न विचारता फोन गळ्यात मारला की काय होतं, ते महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिलं आहे. अंगणवाडी सेविकांना सरकारने फोन दिले होते. पोरांची वजनं, उंच्या, आहार हे सगळं त्यांनी पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपमध्ये भरायचं. फोनची रॅम २ जीबी. ॲप चालेना, फोन तापे, बिघडला की दुरुस्तीचा भुर्दंड मानधनातून, आणि वर ॲपची भाषा इंग्रजी. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन ते फोन सरकारच्या टेबलावर परत ठेवले. त्यांना कॅमेरा किती डोळ्यांचा याच्याशी देणंघेणं नव्हतं. हे ॲप या फोनवर चालत नाही, आम्हाला मराठीत पाहिजे, दुरुस्ती आमच्या माथी नको, एवढंच म्हणणं. आपली गरज इतक्या लख्ख शब्दांत मांडणारा दुसरा मोबाइल ग्राहक मला या राज्यात दिसलेला नाही. आणि फोन निवडताना नेमकं त्यांनाच कोणी विचारलं नव्हतं.

घरोघरी तरी वेगळं काय होतं? पुण्यातला चिरंजीव दिवाळीला गावी जातो आणि ‘बाबा, तुमच्यासाठी’ म्हणून आयफोन पुढे करतो. बाबा शेती करतात. एका कंपनीची रेंज ओट्यावर मिळते, दुसरीची रानात, म्हणून त्यांना दोन सिमकार्डं लागतात. आयफोनमध्ये खरं कार्ड एकच बसतं, दुसरं ई-सिम. ते ई-सिम म्हणजे काय हे समजावून सांगेपर्यंत चिरंजीवांची सुट्टी संपते. बाबांना ई-पीक पाहणीसाठी भर उन्हात बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो, ठिकाणाच्या नोंदीसकट. म्हणजे उन्हात दिसणारी स्क्रीन पाहिजे, संध्याकाळपर्यंत टिकणारी बॅटरी पाहिजे, आवाज मोठा पाहिजे आणि काच फुटली तर तालुक्याच्या गावी त्याच दिवशी बदलून मिळाली पाहिजे. ही अख्खी यादी ऐंशी हजारांच्या दोन्ही फोनांना पेलत नाही. बाबांना पंधरा-अठरा हजारांचा, दोन सिमांचा, मोठ्या बॅटरीचा फोन पाहिजे होता. तो दिला असता तर चिरंजीवांना सोसायटीत सांगता आलं नसतं, एवढीच अडचण.

उलटही तितकंच खरं. माझ्या ओळखीची एक बाई भरतनाट्यम शिकवते. विद्यार्थिनींचे व्हिडिओ काढते, फोनवरच कापते, जोडते, पालकांना पाठवते, त्यावर तिचे वर्ग भरतात. तिने आयफोन घेतला तेव्हा नातेवाइकांनी ‘चैन आहे बुवा’ म्हणून नाकं मुरडली. चैन कसली? व्हिडिओच्या कामात तो आजही भरवशाचा आहे आणि त्याच्यावर तिची भाकरी आहे. तिच्या हातात लाखाचा फोनही महाग नाही. नाकं मुरडणाऱ्यांपैकी एकाच्या खिशात तोच फोन होता, आणि तो त्यावर पत्ते खेळत होता.

हौसेला माझा विरोध नाही. पैठणी तरी कोण गरजेपोटी घेतं? पण पैठणी घेणारी बाई तिच्या धाग्यांची आकडेवारी सांगून नवऱ्याला गंडवत नाही. आवडली, घेतली, संपलं. तसं सरळ म्हणा: मला तो सफरचंदाचा छाप आवडतो, चारचौघांत टेबलावर ठेवायला बरा वाटतो. मी टाळी देईन. प्रोसेसर, न्यूरल इंजिन आणि ‘इन्व्हेस्टमेंट’ असे शब्द मात्र माझ्यासमोर काढू नका.

आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ तर त्याहून नको. शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलं आहे. व्याज असतंच, ते सवलतीच्या रूपाने किमतीत इकडून तिकडे फिरवतात. क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच बिलात येते. रोख घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट गेली, ते निराळंच.

तेव्हा पुढच्या वेळी मला विचारायला याल तर रिव्ह्यूची लिंक पाठवू नका. हातातला जुना फोन घेऊन या. त्याच्या सेटिंगमध्ये स्क्रीन टाइम किंवा डिजिटल वेलबीइंग उघडा, मग बॅटरी, मग स्टोरेज. कोणतं ॲप किती तास, बॅटरी कशाने संपली, जागा कशाने भरली, सगळं तिथे लिहिलेलं असतं, आणि तो फोन तुमची भीड धरत नाही. त्यात चार तास रील्स आणि वीस मिनिटं फोन दिसले, तर आहे त्यालाच अधिकृत दुकानातून नवी बॅटरी बसवून घ्या आणि घरी जा.