साहेबांच्या मनातली अढी

धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरच्या पश्चिमेकडच्या कोकणी, भिल्ल, मावची आदिवासींच्या वस्तीतला एखादा मुलगा पदवी घेऊन नोकरीला लागतो. वर्ष-दीड वर्षात राजीनामा देऊन परततो आणि गावात एकच निदान होते : टिकला नाही. तो कोणत्या साहेबाच्या हाताखाली होता, हे कुणी विचारत नाही.

विचारायला हवे. फ्रान्समधल्या किराणा दुकानांच्या एका साखळीत अर्थतज्ज्ञांनी हेच तपासले. अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या आफ्रिकी वंशाच्या कॅशियरना वेळापत्रकानुसार वेगवेगळ्या व्यवस्थापकांच्या हाताखाली काम करावे लागे. मनात अढी असलेल्या व्यवस्थापकाच्या पाळीत ते जास्त गैरहजर राहत, पाळी संपताच निघत, वस्तू सावकाश स्कॅन करत. इतर पाळ्यांत तीच माणसे सरस ठरत. अढी असलेले हे व्यवस्थापक त्यांना छळत असल्याचे मात्र दिसले नाही. ते त्यांच्याकडे फारसे फिरकतच नव्हते, कामही कमी सांगत होते.

आपल्या कचेऱ्यांना हा प्रकार अनोळखी नाही. नव्या कारकुनाला महिनोन्महिने आवक-जावक नोंदवहीवर बसवायचे, टिपणी लिहायला द्यायची नाही आणि वर्षअखेरीस गोपनीय अहवालात ‘पुढाकार घेत नाही’ असा शेरा मारायचा. ‘कोट्यातला आहे, याला काय जमणार’ हे तोंडाने म्हणायचीही मग गरज उरत नाही.

गुणवत्ता असली की सगळे निभावते, हा समज १९१७ मध्येच खोटा ठरला आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. शिपाई फायली दुरून टाकत. पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी त्यांना बाहेर काढले गेले आणि त्यांनी बडोदा सोडले. खुद्द सयाजीराव महाराज अनुकूल असूनही कचेरी बदलली नाही.

खान्देशाची जखम तर ताजी आहे. जळगावच्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात जीवन संपवले. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे. दोष कुणाचा, हे न्यायालय ठरवील. पण वरिष्ठांच्या वागण्यावर नजर ठेवणे, हे संस्थेचे रोजचे काम आहे.

आज मात्र राखीव जागांच्या बिंदुनामावलीत जागा भरली की हिशेब मिटतो. धुळे आणि जळगाव जिल्हा परिषदांनी गेल्या पाच वर्षांतले राखीव प्रवर्गातल्या कर्मचाऱ्यांचे राजीनामे आणि बदलीचे अर्ज अधिकारीनिहाय लावून पाहावेत. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहून एकाच अधिकाऱ्याच्या हाताखालून माणसे पुन्हा पुन्हा जात असतील, तर लेखी खुलासा त्या अधिकाऱ्याकडून मागवावा आणि तो त्याच्याच गोपनीय अहवालाला जोडावा.