चुनखडीच्या रानात हिराकस कशाला?

मोहोळ तालुक्यात उसाला केवडा पडला किंवा डाळिंबाचा नवा शेंडा पिवळा पडून शिरा तेवढ्या हिरव्या उरल्या, की दुकानातून हिराकसाची पिशवी येते आणि सरीत पडते. पीक सुधारले नाही की दुसरी येते. यातल्या बऱ्याच पिशव्या वाया जातात. दोष दर वेळी भेसळीचा नसतो, जमिनीच्या स्वभावाचा असतो. सीना-भीमेच्या खोऱ्यातली ही राने चुनखडीची, सामू आठच्या आसपास. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्याचे विरघळलेले लोह अशा मातीत हायड्रॉक्साइड होऊन बसते. विहिरीच्या जड पाण्यात हिराकस कालवून बादली तशीच ठेवली, तर हे डोळ्यांनी दिसते: आधी हिरवट गढूळपणा, मग तळाला गंजाच्या रंगाचा गाळ. सामू एक अंकाने चढला की विरघळलेले फेरिक लोह हजारपटीने घटते, जस्त शंभरपटीने. मातीत लोह भरपूर असूनही पीक उपाशी राहते ते यामुळेच.

गंमत अशी, की हीच क्रिया बागायतदार फवारणीसाठी मुद्दाम घडवून आणतो. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी, म्हणजे बोर्डो. 1885 मध्ये फ्रान्सच्या मिलार्दे यांनी ते द्राक्षाच्या केवडा या बुरशीजन्य रोगावर जगापुढे आणले. मोरचुदातले तांबे चुन्यामुळे निळ्या साक्याच्या रूपात बाहेर पडते, पानाला चिकटते आणि थोडे थोडे सुटते. चुना कमी पडला तर मोकळे तांबे पान जाळते. म्हणून तर द्रावणात लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर चढतो का ते बघायचे. पानावर धातू अडकवून ठेवणारा चुना मातीत त्याला मोकळा कसा सोडेल?

यावर सांगितले जाते, की हिराकस स्वतःच आम्लधर्मी आहे, तो सामू उतरवेल. हिशेब करू. एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात ढोबळमानाने 9 लाख किलो माती असते. चुनखडी 10 टक्के धरली तर ती झाली 90 टन. 10 किलो हिराकसाचे सगळे आम्ल चारेक किलो चुनखडीतच संपते. काहींना गुण येतो हे मात्र खरे, पण त्यांनी हिराकस बहुधा शेणखतात मुरवून दिलेला असतो. सेंद्रिय पदार्थ लोहाला धरून ठेवतात, गाळ होऊ देत नाहीत. चिलेटचेही तेच तत्त्व, फक्त नाव वाचून घ्यावे. ईडीटीएमधले लोह सामू साडेसहाच्या पुढे फारसे टिकत नाही, ईडीडीएचएमधले टिकते. ते महाग आहे, हा आक्षेप रास्त. मग 100 लिटर पाण्यात 500 ग्रॅम हिराकस आणि थोडे सायट्रिक आम्ल घालून पानांवर फवारावे. माती मधे येतच नाही.

खरी तक्रार माती तपासून शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेबद्दल आहे. 2015 साली सुरू झालेल्या या पत्रिकेत 12 घटक असतात. त्यांत सामू आहे, लोह आणि जस्तही आहे, पण मुक्त चुनखडी नाही. उपलब्ध लोह कमी एवढेच वाचले, की शेतकरी लोह विकत घेणारच. मोहोळसारख्या तालुक्यात हा तेरावा रकाना भरायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले तरी माती किती फसफसते त्यावरून पहिला अंदाज येतो.