कांदा लासलगावचा, अधिकार दिल्लीचा, साचा कॅनडाचा

डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी लादली आणि नाशिक जिल्ह्यातल्या अनेक बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. शेती हा राज्याचा विषय, मग हा निर्णय दिल्लीत कसा होतो?

उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. शेती आणि बाजार राज्यसूचीत, परदेशी व्यापार संघसूचीत. म्हणजे कांदा वावरात आहे तोवर मुंबईचा, बंदराकडे निघाला की दिल्लीचा!

बलवान केंद्राचा हा साचा आपण बराचसा कॅनडाकडून घेतला. 1867 मध्ये कॅनडाचे संघराज्य झाले, तेव्हा शेजारच्या अमेरिकेतले यादवी युद्ध नुकतेच संपले होते. त्या धास्तीने उरलेसुरले अधिकार केंद्राकडे ठेवले गेले. आपल्याकडे फाळणीची जखम ताजी होती. कलम 248 तेच सांगते.

पण साचा घेतला, पुढची सवय घेतली नाही. निर्यातीचा अधिकार कॅनडातही केंद्राचाच. मात्र तिथे दूध, अंडी, कोंबडी किती पिकवायची हे केंद्र आणि प्रांत उत्पादकांच्या मंडळांना सोबत घेऊन ठरवतात. आपल्याकडे करांसाठी 2016 पासून जीएसटी परिषद आहे, तिथे राज्यांना मत आहे. शेतमालाच्या निर्यातीसाठी असे टेबल का नसावे? घटना न बदलताही निदान सल्लामसलत बंधनकारक करता येईल.

निर्यातबंदी उठली 4 मे 2024 रोजी, तीही 40 टक्के शुल्क लावून. खरिपाचा लाल कांदा चाळीत टिकत नाही. तो तोवर मिळेल त्या भावात विकून झाला होता.