पंगतीची मर्यादा आणि पाळीचा मान

एखादी सोय विनामूल्य असली म्हणजे ती अमर्यादही असते, हा समज जुना आहे आणि सोलापूरकरांना तो महागात पडलेला आहे. उजनीच्या पाण्याची वर्षानुवर्षे काही दिवसांआड वाट पाहिलेल्या या शहरात नळाला थेट मोटर जोडणाऱ्या घराला पाणी भरपूर मिळते. पण त्याच क्षणी शेजारच्या नळाची धार बारीक होते. मोटर लावणाऱ्याला स्वतःचे विजेचे बिल दिसते. शेजाऱ्याच्या रिकाम्या घागरीचा खर्च मात्र त्याच्या हिशेबात कोठेच येत नाही. गर्दीचा खर्च गर्दी करणाऱ्यावर न पडता इतरांवर पडतो, हे अर्थशास्त्रातील तत्त्व समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण नाही. नेमका हाच प्रश्न आज तरुण पिढीच्या एका निराळ्या क्षेत्रात उभा आहे. ‘पोरांचा खेळ’ म्हणून तो बाजूस सारणे योग्य होणार नाही.

हे क्षेत्र म्हणजे ऑनलाइन खेळांचे हौशी सर्व्हर. पबजीसारख्या खेळांत सर्व्हर कंपनीच्याच ताब्यात असतो; म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये त्या खेळावर बंदी येताच खेळाडूंच्या हाती काहीही उरले नाही. काउंटर-स्ट्राइक किंवा माइनक्राफ्ट यांची गोष्ट वेगळी. त्यांत कोणाही हौशी खेळाडूला स्वतःचा सर्व्हर चालविता येतो. दोन-चार मित्र वर्गणी काढतात, भाड्याने यंत्र घेतात, नियम ठरवितात, भांडणे मिटवितात आणि दार सर्वांना मोकळे ठेवतात. तालीम किंवा वाचनालय जसे उभे राहते, तशीच ही उभारणी आहे. फरक एवढाच की, तिची इमारत दिसत नाही.

इमारत दिसत नसली तरी तिला भिंती आहेत. जुन्या काउंटर-स्ट्राइकच्या सर्व्हरवर ३२ खेळाडूंची कमाल मर्यादा मूळ रचनेतच घातलेली होती. माइनक्राफ्टमध्ये आकडा चालकाने ठरवावयाचा असतो, पण निसर्गनियम चालकाच्या इच्छेला बांधलेला नाही. तेथील सर्व्हर सेकंदाला २० वेळा संपूर्ण जगाचा हिशेब करतो. म्हणजे प्रत्येक फेरीला ५० सहस्रांश सेकंद मिळतात. हा हिशेब बहुतांशी एकापुढे एक असाच करावा लागतो. त्यामुळे जादा यंत्रभाग आणून तो सहजी वाटून देता येत नाही. शिवाय सर्व खेळाडू एकाच ठिकाणी जमले, तर प्रत्येकाची हालचाल इतर प्रत्येकाला कळवावी लागते. ५० खेळाडूंसाठी असे २,४५० निरोप होतात, १०० खेळाडूंसाठी ९,९००. माणसे दुप्पट झाली की काम जवळजवळ चौपट होते. मग फेरी ५० सहस्रांशांत संपत नाही, सारे जग मंदावते, आणि फोडलेला दगड क्षणभराने पुन्हा जागेवर दिसू लागतो.

अशा वेळी दोष बहुधा अंतराला दिला जातो. वस्तुतः सोलापूर-मुंबई अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन चार सहस्रांश सेकंद पुरेत. मार्ग वळणावळणाचा धरला तरी मुंबईतील सर्व्हर सोलापूरच्या खेळाडूला फार दूर नाही. अडचण रस्त्याची नसून पंगतीची आहे.

जेम्स ब्यूकॅनन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली मंडळांचा सिद्धान्त मांडला. मंडळात नवा सभासद आला की प्रत्येकाची वर्गणी थोडी कमी होते. पण त्याच्यामुळे होणारी दाटीही प्रत्येकाच्या वाट्याला येते. ही बचत आणि हा त्रास जेथे समसमान होतात, तीच मंडळाची योग्य सभासदसंख्या. हौशी चालकाला मात्र मोठ्या आकड्याचा मोह पडतो. दोनशे जणांची जागा असल्याचे मिरविणारा सर्व्हर ऐंशींतच दमतो. नाकारलेला खेळाडू तक्रार करतो. मंदावलेल्या खेळातील खेळाडू मात्र मुकाट्याने निघून जातो. म्हणून दारावरची नाराजी चालकाला दिसते, आतली झीज दिसत नाही.

मर्यादा ही केवळ गरिबीची खूण आहे, असेही नव्हे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाचे जुने रूप नोस्टाल्रियस नावाच्या हौशी सर्व्हरने २०१५ पासून जिवंत ठेवले होते. मालक कंपनी ब्लिझर्ड हिच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये तो बंद झाला. पुढे २७ ऑगस्ट २०१९ रोजी त्याच कंपनीने जुना खेळ अधिकृतपणे सुरू केला, तेव्हा तिच्याही दारात तासन्‌तासांच्या रांगा लागल्या. साधनसंपन्न कंपनीला जी रांग चुकली नाही, ती हौशी मंडळींना कशी चुकावी?

तेव्हा खरा प्रश्न रांग असावी की नसावी हा नसून, रांगेत पुढे कोणी जावे हा आहे. अनेक ठिकाणी देणगी देणाऱ्याला रांग टाळून आत घेतले जाते. यावर असे म्हटले जाईल की, यंत्राचे भाडे कोणी तरी भरलेच पाहिजे, आणि विल्यम विक्री यांच्यासारख्या नोबेलविजेत्या अर्थशास्त्रज्ञाने गर्दीवर किंमत लावण्याचाच पुरस्कार केला होता. हा युक्तिवाद दुर्बळ नाही. परंतु विक्री यांची किंमत गर्दीच्या वेळी येणाऱ्या प्रत्येकावर होती. ती मोजक्यांना विकलेली सवलत नव्हती. जेथे रांगेतील जागा विकली जाते, तेथे रांग लांब राहण्यातच चालकाचा फायदा निर्माण होतो. मग क्षमता वाढविण्याची घाई कोणाला राहील? माइनक्राफ्टच्या निर्मात्यांनी २०१४ साली चालकांसाठी नियम घातले, तेव्हा प्रवेशमूल्य घ्यावयाचे तर ते सर्वांना सारखे असावे आणि पैशाच्या बळावर खेळात वरचढपणा विकू नये, असेच ठरविले होते. भारताच्या संसदेने २०२५ साली संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्यातही पैज लावणे आणि केवळ प्रवेशाची वर्गणी घेणे यांत भेद केला आहे. वर्गणीत गैर काही नाही. गैर आहे ती पाळीची विक्री.

सोलापूर जिल्ह्याला हा धडा परका नाही. अक्कलकोटच्या अन्नछत्रात येणाऱ्यांची संख्या कितीही असली, तरी पंगतीत पाने बसतील तेवढीच मांडली जातात. उरलेल्यांना कोणी हाकलीत नाही. ते पुढच्या पंगतीला बसतात. आणि ज्याने मोठी देणगी दिली, त्यालाही अर्ध्यावर उठविलेल्याच्या पानावर बसविले जात नाही.

हौशी सर्व्हरच्या चालकांनी एवढेच करावे. गर्दीच्या वेळी मोजमाप करून खरी क्षमता ठरवावी आणि तीच जाहीर करावी. जमाखर्च सर्वांना दाखवावा. रांग येण्याच्या क्रमानेच चालवावी. आणि ती रोजच लांबू लागली तर आहे त्याच पंगतीत दाटी न करता वर्गणीतून दुसरी पंगत मांडावी. वीस वर्षांची मुले येथे एक सार्वजनिक संस्था चालवीत आहेत. पाळी विकण्याची सवय त्यांना येथे लागली, तर उद्या पाणीपुरवठ्याच्या आणि रुग्णालयाच्या खिडकीवर तीच सवय त्यांच्याबरोबर जाईल. पाळी राखण्याची लागली, तर तीही जाईल.