तापानं घरी बसलेल्याचा वाटा कापू नका



आज मासळीच्या दरावर लिहीत नाही, डिझेलवरही नाही. छातीत उतरणाऱ्या तापावर लिहितोय. पोस्ट जरा लांब आहे. पण शेवटी वाट्याचा आणि पैशाचा विषय आहे, म्हणून बोटमालकांनी तर नक्कीच पूर्ण वाचावी.

गेल्या पावसाळ्यात आमच्या केलगेरीत माझ्या चुलत्यांना ताप आला. वय छप्पन्न, अंगानं धडधाकट, बिडी सोडली तर कसला नाद नाही. पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उतरून जाळं लावणारा माणूस. घरात सगळे म्हणाले, पाणी बाधलं. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. त्यात एक अँटिबायोटिक होतं, तेही तीनच दिवसांचं. ताप उतरला की तळ्यावर, चढला की घरी, असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी अंगणातून आत येताना दम लागला. बोलताना वाक्य मधेच तुटायला लागलं. मग धावपळ करून हुबळीला नेलं. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर पांढरे डाग. नाकातल्या स्रावाची तपासणी झाली आणि निघाला इन्फ्लुएंझा, म्हणजे साधा फ्लू. नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. वाचले. पण दिवाळीपर्यंत हातात जाळं ओढायची ताकद नव्हती.

तिथल्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, तो माझ्या डोक्यातून जात नाही. "यांच्या आधी कामावर कोणाला ताप-खोकला होता का?"

होता. मासे निवडायला बसणारा पोरगा तीन दिवस खोकत होता. घरी का बसला नाही? कारण खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. चुलत्यांनंतर आणखी दोघं पडले, आणि घरात काकूही.

आता मुद्दा बघा. पाणी बाधून न्यूमोनिया होत असता, तर तो ज्याचा त्यानं बघायचा आजार होता. पण तो माणसाकडून माणसाला आला. म्हणून तो आपल्या सगळ्यांचा विषय आहे.

मोठ्या माणसांना होणाऱ्या न्यूमोनियामागे जंतू म्हणजे बॅक्टेरिया असतातच, पण विषाणूही असतात. फ्लू, कोरोना, आरएसव्ही, मेटान्यूमो, ॲडेनो, अगदी साध्या सर्दीचा रायनोसुद्धा. अमेरिकेत शिकागो आणि नॅशव्हिल इथल्या रुग्णालयांत न्यूमोनियानं दाखल झालेल्या २,२५९ प्रौढांची कसून तपासणी झाली, तिचे निकाल २०१५ साली आले. सुमारे २३ टक्क्यांत विषाणू सापडले आणि ११ टक्क्यांत बॅक्टेरिया. काहींत दोन्ही होते आणि निम्म्याहून जास्त लोकांत काहीच सापडलं नाही. आपल्या खेड्यांचे आकडे वेगळे असतील. पण "छातीत कफ म्हणजे अँटिबायोटिक" हे गणित किती कच्चं आहे ते यातून कळतं.

आपल्या भागाला हे नवीन नाही. १९१८ साली फ्लूची साथ मुंबई बंदरात उतरली. तेव्हा आपलं धारवाड मुंबई इलाख्यातच होतं. त्या साथीत देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली आणि बहुतेकांचा जीव न्यूमोनियानं घेतला. २००९ साली स्वाइन फ्लू आला, देशातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. २०१५ साली तोच फ्लू पुन्हा उसळला. त्या एका वर्षात देशात ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळजवळ ३ हजार मृत्यू नोंदले गेले. मग कोरोना. देशातला त्याचा पहिला बळी मार्च २०२० मध्ये आपल्याच कर्नाटकात, कलबुर्गीत गेला. कोरोना संपला असं आपण म्हणतो, पण फ्लू दरवर्षी येतो आणि जातो. बातमी होत नाही, एवढंच.

तो येतो कधी? आपल्या पश्चिम भागात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. या पेजवर किनाऱ्यावरचे बोटमालकही आहेत, त्यांनी आपलं कॅलेंडर आठवावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. माणसं बंद शेडमध्ये दाटीनं बसून जाळी विणतात. मग ऑगस्टमध्ये बोटी सुटतात, लहानशा केबिनमध्ये खलाशी एकमेकांच्या अंगाला अंग लावून झोपतात. एक खोकला की सगळी बोट खोकते. आणि किनारा लांब. आम्ही तळ्यावरचे निदान तासाभरात दवाखाना गाठतो, तुमच्या खलाश्याला तेही नाही.

औषधाबद्दल गैरसमज नको. अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही. पण विषाणूनं फुप्फुस खराब केलं की मागून बॅक्टेरिया शिरू शकतात, म्हणून डॉक्टर अँटिबायोटिक देतात तेव्हा ते कारणानं देतात. ते पूर्ण घ्यायचं. स्वतःच्या मनानं मात्र घ्यायचं नाही. फ्लूवर वेगळं औषध आहे, ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. आम्ही ते दोन दिवस दुकानाच्या गोळ्यांत घालवले.

घरात कोणी तापानं पडलं तर हे लक्षात ठेवा. शांत बसलेल्या माणसाचे श्वास मिनिटभर मोजा. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात. ३० च्या घरात गेले तर वाट बघू नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली आला तर डॉक्टर, ९० च्या खाली आला तर सरळ मोठा दवाखाना. माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओठ निळे पडले, छातीत कळ आली तरी तेच. बरं वाटून पुन्हा ताप चढला तर तोही धोका समजा. साठीच्या वरचे, शुगर असलेले, दम्याचे आणि बिडी ओढणारे यांनी तर पहिल्याच दिवशी दाखवावं. गरोदर बायकांनीही.

दोन गोष्टी आपल्या धंद्याच्या म्हणून सांगतो. घाण पाण्यात, चिखलात उतरणाऱ्याला ताप आला आणि पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल असतील, तर डॉक्टरला पाण्यातल्या कामाचं आवर्जून सांगा. तो लेप्टो असू शकतो, त्याचं औषध वेगळं. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, टीबीची तपासणी तिथं फुकट होते.

आता पैशाचं. "तापाचा खाडा भरून दिला तर उद्या सगळेच तापाचं नाव सांगून घरी बसतील," असं मालक म्हणतात. काहीजण बसतीलही. पण हिशेब करा. एका पोराचे तीन दिवस वाचवायला गेलो आणि चार माणसं पडली, त्यातला अनुभवी माणूस तीन-चार महिने बाद. महाग काय पडलं? बोटीवरचा तांडेल ऐन हंगामात पडला तर बोट बंदरालाच बांधावी लागेल.

आणि विम्याच्या भरवशावर राहू नका. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला मच्छीमारांचा ५ लाखांचा गट विमा अपघाताचा आहे. समुद्रात बुडून गेला तर घरच्यांना मिळतो, न्यूमोनियानं गेला तर मिळत नाही. आजाराच्या उपचारासाठी आयुष्मान कार्ड लागतं, महाराष्ट्रातल्यांना महात्मा जोतिराव फुले योजनाही आहे. कार्ड माणूस अत्यवस्थ झाल्यावर शोधायचं नसतं.

म्हणून संस्थेपुढे माझं मागणं आहे. पुढच्या सभेत चार ठराव घ्यावेत. एक, तापाच्या माणसाचा पहिल्या तीन दिवसांचा वाटा किंवा मजुरी कापायची नाही, निम्मा भार मालकाचा, निम्मा संस्थेच्या निधीचा. दोन, प्रत्येक बोटीवर आणि तळ्यावरच्या प्रत्येक शेडमध्ये एक ऑक्सिमीटर. तीन, पावसाआधी एप्रिल-मेमध्ये वयस्क आणि आजारी सभासदांसाठी फ्लूच्या लसीचं शिबिर. ही लस दरवर्षी घ्यावी लागते आणि स्वस्त नाही, म्हणूनच संस्थेनं एकत्र घेतली तर परवडेल. चार, सगळ्या सभासदांची आरोग्य कार्डं काढून देणं.

यातलं काही जमणार नाही असं वाटत असेल तर खाली लिहा, भांडा, पण आकडे मांडून भांडा. वादळाचा इशारा आला की आपण बोट बाहेर काढत नाही, तेव्हा कोणी खाड्याचा हिशेब विचारत नाही. तापाचा इशाराही तसाच धरायचा.

चुलते आता पुन्हा तळ्यावर येतात. बिडी सुटली. तो पोरगाही येतो. परवा त्याला जरा कणकण होती, तर चुलत्यांनीच त्याला हाकलला, "जा घरी, तुझे पैसे मी बघतो." हे त्यांनी स्वतःच्या खिशातून का बघावं? आपण संस्था कशाला काढली मग?

पटलं तर आपल्या तांडेलाला, खलाश्यांना आणि घरच्यांना वाचून दाखवा.