एक हात की दोन? बॅकहँडचा निर्णय आणि जिल्ह्यातील नवे टेनिसपटू

हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ३० सप्टेंबर २०२३ रोजी मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक भारताने जिंकले, तेव्हा त्या विजयातील निम्मा वाटा अहिल्यानगर जिल्ह्याचा होता. श्रीरामपूर येथे जन्मलेली ऋतुजा भोसले आणि कूर्गचा रोहन बोपण्णा या जोडीने पहिला सेट २-६ असा गमावूनही चायनीज तैपेईच्या जोडीवर २-६, ६-३, १०-४ अशी मात केली. पदकाचे कौतुक यथोचित झाले. परंतु त्या सामन्यातील एक गोष्ट टेनिस शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी होती. जाळ्याच्या एकाच बाजूला उभ्या असलेल्या या दोघांचे बॅकहँड मुळातच भिन्न होते. ४३ वर्षांचा बोपण्णा एका हाताने बॅकहँड मारत होता, तर २७ वर्षांची ऋतुजा दोन्ही हातांनी. त्यांच्या वयातील सोळा वर्षांच्या अंतरात टेनिस किती बदलले, हे त्या दोन फटक्यांतच दिसत होते.

त्या सुवर्णपदकानंतर जिल्ह्यातील ज्या घरांत टेनिसची रॅकेट आली असेल, त्या घरांपुढे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच. मुलाला बॅकहँड एका हाताने शिकवायचा की दोन हातांनी? प्रत्यक्षात मात्र तो प्रश्न म्हणून कुणी विचारतच नाही. आपल्याकडील बहुतेक प्रशिक्षण वर्गांत सात-आठ वर्षांच्या मुलाचा डावा हात पहिल्याच आठवड्यात रॅकेटच्या मुठीवर ठेवला जातो आणि विषय तेथेच संपतो. हा निर्णय चुकीचा आहे असे नव्हे, पण तो कुणी जाणीवपूर्वक घेतलेला नसतो, आणि पुढे पाच-सहा वर्षांनी त्याचे परिणाम भोगावे लागतात ते खेळाडूलाच.

जागतिक चित्र पाहिले तर वाद कधीच संपला आहे, असे वाटण्याजोगी परिस्थिती आहे. पुरुषांची संगणकीय क्रमवारी १९७३ साली सुरू झाली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रथमच असे घडले, की पहिल्या दहा खेळाडूंत एकहाती बॅकहँड असलेला एकही खेळाडू उरला नाही. ग्रीसचा स्टेफानोस त्सित्सिपास पहिल्या दहांतून बाहेर पडला आणि ती परंपरा खंडित झाली. त्याच वर्षी बल्गेरियाच्या ग्रिगोर दिमित्रोव्हने आणि २०२५ मध्ये इटलीच्या लोरेन्झो मुसेट्टीने त्या दहांत स्थान मिळवून लाज राखली खरी. परंतु २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांतील पुरुष एकेरीची आठही ग्रँड स्लॅम विजेतेपदे यानिक सिनर आणि कार्लोस अल्काराझ यांनी आपसांत वाटून घेतली, आणि हे दोघेही दुहाती बॅकहँडचे खेळाडू आहेत. एकहाती बॅकहँडच्या जोरावर पुरुष एकेरीचे ग्रँड स्लॅम जिंकल्याचे अलीकडचे उदाहरण २०२० च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेतील डॉमिनिक थीमचे. महिलांत त्यासाठी थेट २०१० च्या फ्रेंच स्पर्धेतील फ्रान्सेस्का शियाव्होनेपर्यंत मागे जावे लागते.

दूर कशाला, पुण्याच्या बालेवाडीतच पाहा. २०१८ ते २०२३ या काळात तेथे महाराष्ट्र ओपन ही एटीपी स्पर्धा झाली. झिल सिमाँ, केव्हिन अँडरसन, यिरी व्हेसेली, जोआओ सोझा आणि टॅलन ग्रीक्सपूर हे तिचे पाच एकेरी विजेते. पाचही जण दुहाती! २०१९ च्या अंतिम फेरीत एकहाती बॅकहँडचा इव्हो कार्लोविच पोहोचला होता, पण त्याची वाटचाल बॅकहँडच्या नव्हे तर २११ सेंटीमीटर उंचीवरून कोसळणाऱ्या सर्व्हिसच्या बळावर झाली होती, हे सामने पाहणारा कुणीही सांगेल.

एकेकाळी स्थिती नेमकी उलट होती. दोन्ही हातांनी बॅकहँड मारणे हा विक्षिप्तपणा समजला जाई. १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या व्हिव्हियन मॅकग्राने आणि पाठोपाठ जॉन ब्रॉमविचने तो प्रयोग केला, परंतु त्यांचे अनुकरण फारसे झाले नाही. १९७० च्या दशकात जिमी कॉनर्स, बियाँ बोर्ग आणि ख्रिस एव्हर्ट या तिघांनी हा समज मोडून काढला. त्यातील एव्हर्टची कथा बोलकी आहे. लहानपणी एका हाताने रॅकेट पेलण्याची ताकद नव्हती म्हणून तिने दुसरा हात लावला. प्रशिक्षक असलेल्या तिच्या वडिलांना ती मोठी झाल्यावर ही सवय सोडेल अशी आशा होती. ती सवय सुटली नाही आणि तिने एकेरीची अठरा ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली. लहान मुलाची अडचण म्हणून सुरू झालेली गोष्ट पाहता पाहता जगाचा नियम झाली.

हे का झाले, हे समजून घ्यायचे तर फटक्याच्या रचनेकडे पाहावे लागेल. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा दुहाती बॅकहँड म्हणजे वस्तुतः डाव्या हाताचा फोरहँड. उजवा हात मुठीच्या टोकाशी दिशा सांभाळतो, आणि जोर येतो तो डाव्या हातातून व कमरेच्या वळणातून. क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला हे लगेच उमजेल; डावखुऱ्या फलंदाजाची बॅटवरील पकड डोळ्यांपुढे आणली की पुरे. दोन हातांमुळे रॅकेट डगमगत नाही, चेंडू किंचित उशिरा आला तरी डावा हात त्याला ढकलून परत पाठवतो आणि खांद्याच्या उंचीवरचा चेंडूही दाबून मारता येतो.

एकहाती फटक्यात ही सवलत नाही. तेथे चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे, हात सरळ असताना भेटला पाहिजे. फोरहँडची पकड बदलून बॅकहँडची पकड घ्यायला लागणारा क्षण, खांदा पूर्ण वळवायला लागणारा क्षण, हे सारे आधीच उरकलेले असावे लागते. थोडा जरी उशीर झाला तरी कोपर वाकते, मनगट मोडते आणि चेंडू जाळ्यात जातो. क्लबमध्ये हौसेने खेळणाऱ्या प्रौढांना जडणाऱ्या ‘टेनिस एल्बो’च्या दुखण्यामागे हाच उशिरा आणि मनगटाने मारलेला एकहाती बॅकहँड बहुधा असतो. खांद्याच्या वर उसळलेला चेंडू तर या फटक्याचा जन्माचा वैरी. फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरीत २००६, २००७, २००८ आणि २०११ अशा चार वेळा राफाएल नदालने रॉजर फेडररला हरवले, ते प्रामुख्याने डावखुऱ्या फोरहँडचा उसळता टॉपस्पिन त्याच्या बॅकहँडवर पुन्हा पुन्हा टाकूनच.

चेंडू असा उसळू लागला तो खेळाची साधने बदलल्यामुळे. लाकडी रॅकेटची जागा हलक्या आणि मोठ्या डोक्याच्या ग्रॅफाइट रॅकेटने घेतली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिस्टरच्या तारा आल्या आणि कितीही जोरात मारलेला चेंडू फिरकीमुळे मैदानातच पडू लागला. गंमत अशी, की या तारांचा महिमा जगाला पटवून दिला तो १९९७ ची फ्रेंच स्पर्धा जिंकणाऱ्या गुस्ताव्हो कुएर्तेनने, आणि त्याचा बॅकहँड एकहातीच होता! विम्बल्डनने २००१ मध्ये हिरवळीसाठी संपूर्णपणे राय गवत वापरण्यास सुरुवात केली. तेथील चेंडूही पूर्वीपेक्षा अधिक आणि अधिक खात्रीने उसळू लागला. सर्व्हिस करून जाळ्याकडे धावणे महागात पडू लागले. ज्या खेळात एकहाती बॅकहँडचा स्लाइस आणि व्हॉली यांची जोडी शोभून दिसे, तो खेळच मागे पडला.

मग एका हाताच्या बाजूने काही उरतेच की नाही? उरते, आणि ते केवळ सौंदर्य नव्हे. क्रीडारसिकांनी या फटक्याच्या डौलाचे इतके गोडवे गायिले आहेत, की त्याचे व्यावहारिक गुण झाकले गेले. एका हाताची पोहोच लांब असते. दूर जाणारा, खाली राहणारा चेंडू तो सहज उचलतो. स्लाइस हा त्याचा सख्खा भाऊ, आणि व्हॉलीसाठी तर दुहाती खेळाडूलाही डावा हात बहुधा सोडावाच लागतो. ताकदीचा मुद्दाही वाटतो तितका अंतिम नाही. बेल्जियमची जस्टिन हेनिन ही जेमतेम १६७ सेंटीमीटर उंचीची, सडपातळ बांध्याची खेळाडू. तिने एकहाती बॅकहँडच्या बळावर सात ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे पटकावली. आणि फेडररने २०१४ मध्ये मोठ्या डोक्याची रॅकेट स्वीकारल्यानंतर २०१७ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम फेरीत नदालला हरवले, ते त्याच बॅकहँडने चेंडू उसळताक्षणी पुढे येऊन मारून.

भारतीय टेनिसला तर हा विषय परका नाही. रामनाथन कृष्णन, विजय अमृतराज, रमेश कृष्णन, लिअँडर पेस आणि बोपण्णा ही आपली एकहाती परंपरा. महेश भूपती, सानिया मिर्झा, सोमदेव देववर्मन आणि सुमित नागल दुहाती. आपली मोठी यशे बहुधा दुहेरीत आली आणि त्यांत दोन्ही शैली एकत्र नांदल्या. पेस-भूपती जोडी तशीच होती. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकणारी पेस-सानिया जोडीही तशीच होती. दुहेरीत बेसलाइनवरून लांबलचक रॅली क्वचितच होतात. सर्व्हिसचा परतावा खाली आणि तिरपा ठेवणे, मग जाळ्याजवळ चेंडू अडवणे, हे तेथले काम. त्यामुळे एकहाती खेळाडूला तेथे अजून जागा आहे. बोपण्णाने जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेचे दुहेरीचे विजेतेपद त्रेचाळिसाव्या वर्षी मिळवले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली, ती याच शैलीने खेळत.

आता जिल्ह्याकडे वळू. श्रीरामपूर म्हणजे दौंड-मनमाड लोहमार्गावरचे, उसाच्या पट्ट्यातले गाव. तेथे जन्मलेली मुलगी अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळते आणि २०२० मध्ये फेड चषकाच्या प्ले-ऑफमध्ये प्रथमच पोहोचलेल्या भारतीय संघात असते, हा प्रवास थोर असला तरी तो अपवाद आहे. जिल्ह्यातील सर्वसाधारण मुलाला स्पर्धा खेळायच्या तर पुणे, मुंबई, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर किंवा नाशिक येथे जावे लागते. प्रवास, मुक्काम, प्रवेश शुल्क, तारा, चेंडू आणि बुडालेली शाळा हा सारा खर्च डोळ्यांपुढे असताना पालक विचारतो ते एवढेच, की पोरगा जिंकला की हरला? बारा आणि चौदा वर्षांखालील गटांत गुण मिळाले तर पुढच्या स्पर्धेत प्रवेश. अशा व्यवस्थेत दहाव्या वर्षी एकहाती बॅकहँड शिकवणारा प्रशिक्षक व्यवहारात मूर्खच ठरतो. कारण हा फटका उमलायला वेळ घेतो, आणि त्या काळात समोरचा प्रतिस्पर्धी प्रत्येक चेंडू उंच करून त्याच बाजूला टाकतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. जाळ्याची मधली उंची ९१.४ सेंटीमीटर, पण जो चेंडू मोठ्या माणसाच्या कमरेशी येतो तो त्याच्या खांद्याशी येतो.

यावर एक उपाय उपलब्ध आहे, पण त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांसाठी मंदगतीचे चेंडू बंधनकारक केले. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्क्यांनी, केशरी ५० टक्क्यांनी आणि हिरव्या ठिपक्याचा २५ टक्क्यांनी मंद. ते कमी उसळतात, म्हणजे मुलाच्या कमरेच्या उंचीवर भेटतात. ज्या मुलाचा ओढा स्वभावतः एका हाताकडे आहे, त्याला या चेंडूंवर तो फटका खांदा न दुखवता शिकता येतो. आपल्याकडे मात्र ‘मोठ्यांचा चेंडू’ लवकर खेळणे हे प्रगतीचे लक्षण मानले जाते आणि केशरी चेंडू पिशवीच्या तळाशी राहतात.

प्रस्तुत प्रतिनिधीचे मत विचाराल तर, दहापैकी नऊ मुलांनी दोन हातांनीच सुरुवात करावी. एकेरीत आज ज्या प्रकारचा खेळ खेळला जातो त्यात सर्व्हिसचा परतावा आणि उंच चेंडू हेच निर्णायक ठरतात, आणि तेथे दोन हातांना तोड नाही. परंतु दुहाती बॅकहँड शिकवला म्हणजे बॅकहँड शिकवून झाला, ही समजूत घातक आहे. एकहाती स्लाइस आणि एकहाती व्हॉली पहिल्या दोन वर्षांतच शिकवली गेली पाहिजे. ती न शिकवल्याने सोळाव्या वर्षी जाळ्याजवळ बावचळणारी, आखूड चेंडूपर्यंत पोहोचूनही काय करावे हे न सुचणारी मुले स्पर्धांमध्ये सर्रास दिसतात. दुहेरीत आपला देश जिंकतो आणि आपल्याच मुलांना दुहेरीची हत्यारे देत नाही, हा विरोधाभास त्यातूनच जन्मतो.

उरलेल्या एका मुलाचे काय? त्याच्यासाठी दार उघडे ठेवावे. पीट सॅम्प्रस चौदाव्या वर्षापर्यंत दुहाती होता. पीट फिशर या त्याच्या मार्गदर्शकाने, जो व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ होता, त्याला एका हाताकडे वळवले. ज्यांना तो आधी सहज हरवत असे त्यांच्याकडून तो हरू लागला. एकोणिसाव्या वर्षी, १९९० मध्ये त्याने अमेरिकन स्पर्धा जिंकली आणि पुढे विम्बल्डन सात वेळा. जर्मनीच्या तात्याना मारियाने तर पहिल्या बाळंतपणाच्या सुटीनंतर बॅकहँड बदलला आणि २०२५ मध्ये, ३७ व्या वर्षी, लंडनमधील क्वीन्स क्लबची स्पर्धा तिने एकहाती स्लाइसच्या जोरावर जिंकली. अर्थात, सॅम्प्रसच्या उदाहरणावर भाळून प्रत्येकाने हात सोडावा असे नव्हे. त्याच्याकडे आधीच जगातील एक उत्कृष्ट सर्व्हिस होऊ घातली होती आणि हरण्याची मुभा देणारे घर होते.

ही मुभा किती काळाची, हे पालकांनी आणि प्रशिक्षकांनी आधीच ठरवून घ्यावे. बदल करायचाच तर तो तेरा-चौदाव्या वर्षी, उंची वाढू लागल्यावर करावा, निदान दोन हंगामांचे गुण बुडणार हे गृहीत धरावे आणि पहिल्या काही महिन्यांत स्पर्धांना पाठवू नये. जून ते सप्टेंबर हा काळ त्यासाठी बरा. पावसाने राज्यातील उघडी कोर्टे अधूनमधून बंद असतात आणि मुले तशीही कमी खेळतात. अहिल्यानगर जिल्हा तर पर्जन्यछायेतला. पुण्या-मुंबईकडे कोर्टावर पाणी साचलेले असते तेव्हा येथे बहुतेक दिवशी भिंतीवर चेंडू मारता येतो.