कृपाबाई आमच्या कोण?

चेन्नईतील मराठी मंडळींना आपल्या येथील पूर्वजांविषयी विचारावे, तर ती थेट तंजावर गाठतात. व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या भिंतींवर १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा इतिहास, ही नामावळी आमच्या प्रत्येक समारंभात एकदा तरी म्हटली जाते. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी की, ज्या शहरात आम्ही बदलीवर येऊन राहतो, त्याच शहरात शिकावयास आलेली, येथेच आपल्या कादंबऱ्या लिहून येथेच वारलेली एक मराठी स्त्री या नामावळीत कधीच नसते. तिचे नाव कृपाबाई सत्यनाथन. हे नाव उच्चारले की सुशिक्षित मराठी माणूसही विचारतो, "ह्या कोणी मद्रासी बाई का?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

कृपाबाईंचा जन्म १८६२ साली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात झाला. वडील हरिपंत खिस्ती आणि आई राधाबाई हे ब्राह्मण घराण्यातले जोडपे ख्रिस्ती झालेले होते. मुंबई इलाख्यातील ब्राह्मणांपैकी ख्रिस्ती होणाऱ्या अगदी पहिल्या मंडळींत त्यांची गणना होते. वडील लवकर निवर्तले. थोरले बंधू भास्कर यांनी बहिणीला पुस्तकांची गोडी लावली आणि तेही अकाली गेले. पुढे कृपाबाई मुंबईच्या मिशनशाळेत शिकल्या. वैद्यकासाठी इंग्लंडास जाण्याची शिष्यवृत्ती हाताशी आली होती, परंतु प्रकृतीच्या कारणास्तव ते जाणे झाले नाही. मद्रास मेडिकल कॉलेजने मात्र १८७५ पासूनच स्त्रियांना प्रवेश दिला होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांसाठी उघडावयास १८८३ साल उजाडावे लागले. म्हणून ही नगरची सोळा वर्षांची मुलगी १८७८ साली मद्रासेस आली. पहिल्या वर्षी तिने अभ्यासात चमक दाखविली, पण वर्ष सरता सरता प्रकृती ढासळली. अभ्यास सोडून ती पुण्याला बहिणीकडे परतली.

मद्रासेत ती रेव्हरंड सत्यनाथन यांच्या घरी राहिली होती. त्यांचे चिरंजीव सॅम्युअल केंब्रिजला शिकून आले, आणि १८८१ मध्ये दोघांचा विवाह झाला. यापुढची कथा आमच्या वाचकांना परकी वाटू नये. पती शिक्षणक्षेत्रात, त्यांच्या नोकरीच्या मागोमाग बिऱ्हाड उटकमंड, राजमहेंद्री, कुंभकोणम असे फिरत शेवटी पुन्हा मद्रासेस आले. उटकमंडला कृपाबाईंनी मुसलमान मुलींसाठी एक लहानशी शाळा काढली आणि तेथूनच नियतकालिकांत लिहावयास आरंभ केला. एकुलते एक मूल वर्षाच्या आतच गेले. स्वतःच्या बालपणावर आधारलेली 'सगुणा' ही त्यांची कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. 'कमला' ही दुसरी कादंबरी त्यांनी आजारपणात लिहून पुरी केली, आणि ऑगस्ट १८९४ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्या वारल्या.

आता त्यांना आपले म्हणण्याविरुद्ध जे आक्षेप निघतात, त्यांचा परामर्श घेऊ.

पहिला आक्षेप धर्माचा. या बाई ख्रिस्ती होत्या, असे म्हटले जाते. होत्या. पण मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान सर्वत्र होतो, ती १८५७ सालची 'यमुनापर्यटन' बाबा पदमनजींची. रेव्हरंड टिळकांच्या कविता आमच्या पिढ्यांनी पाठ केल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घरात नाहीत, असा रसिक स्वतःस रसिक म्हणवून घ्यावयास कचरेल. टिळक दांपत्याचा तर नगरशी किती निकटचा संबंध! त्यांच्या बाबतीत जो धर्म आड आला नाही, तो कृपाबाईंच्याच बाबतीत का आड यावा?

दुसरा आक्षेप भाषेचा. त्यांनी इंग्रजीत लिहिले, तेव्हा त्या मराठी साहित्यात कशा बसणार? मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांना प्रकरण द्यावे, असे आमचे म्हणणेच नाही. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाविषयीचा १९०० सालचा ग्रंथ इंग्रजीतच लिहिला, म्हणून त्यांचे मराठीपण कोणी काढून घेतले नाही. शिवाय 'कमला'त आहे तरी काय? नाशिककडचा प्रदेश, बालपणी झालेले लग्न, सासुरवास, वैधव्य आणि पुनर्विवाहाची संधी समोर असताना ती नाकारणारी नायिका. हा आमच्याच घरांचा वृत्तान्त आहे. तो मद्रासेत बसून, मराठी न जाणणाऱ्या वाचकांसाठी लिहिला गेला, एवढाच काय तो फरक. तमिळ वाचकांनी १८९६ मध्ये दोन्ही कादंबऱ्या आपल्या भाषेत नेल्या. आम्ही मात्र त्या मूळ इंग्रजीतही उघडल्या नाहीत.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तोच सर्वांत प्रबळ आहे. तो आडनावाचा. लग्नानंतर स्त्रीने नवऱ्याचे नाव लावावे हा दंडक आम्हीच पाळला, आणि मग नवऱ्याचे नाव दाक्षिणात्य दिसताच ती आमची नव्हे असे आम्हीच ठरविले. खिस्ती आडनावाच्या राहत्या, तर कदाचित एखाद्या संशोधकाने त्यांचा शोध तरी घेतला असता.

परंतु या तिन्ही आक्षेपांच्या मुळाशी एक वेगळीच वृत्ती आहे, असे आम्हांस वाटते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण पाहा. त्यांच्याविषयी आमचा आदर कोणापेक्षाही तिळमात्र कमी नाही. त्यांचे पतीही टपालखात्यात नोकरीस होते आणि बदल्यांपायीच हे जोडपे बंगालपर्यंत गेले. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील भाषणात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जातो ते सांगितले. मद्रासेस कॉलेज आहे खरे, पण तेथील शिक्षण अपुरे आणि शिक्षक सनातनी वृत्तीचे, असे त्यांचे मत होते. त्याच कॉलेजात पाच वर्षांपूर्वी नगरची एक मुलगी दाखल झाली होती! आनंदीबाई हिंदू म्हणून गेल्या, हिंदू म्हणून परतल्या, पदवी घेऊन आल्या आणि १८८७ मध्ये बाविसावे वर्षही पुरे होण्यापूर्वी वारल्या. म्हणून त्या समारंभात शोभतात. कृपाबाईंपाशी पदवी नाही, सिंहासन नाही आणि सोयीचा धर्मही नाही. मोडलेला अभ्यास, गेलेले मूल आणि अंथरुणावर लिहिलेले पुस्तक, एवढीच त्यांची मिळकत. आम्ही पूर्वजांना नव्हे, त्यांच्या यशाला नमस्कार करतो, असाच याचा अर्थ नव्हे काय?

हा केवळ जुन्या इतिहासाचा वाद असता, तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत कारकुनी करणाऱ्या आम्हां लोकांच्या मुली दर तीन-चार वर्षांनी शाळा बदलतात. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि वहीत इंग्रजी अशी त्यांची वाढ होते. उद्या त्यांपैकी एखादी लिहू लागली, तर ती बहुधा इंग्रजीत लिहील. तिचे आडनावही कदाचित सुब्रमण्यन किंवा जॉर्ज असेल. त्या दिवशी आम्ही तिला काय सांगणार? जी कसोटी कृपाबाईंना बाहेर ठेवते, तीच आमच्या लेकींनाही बाहेर ठेवील. परप्रांतात राहून मराठीपणाचे कुंपण जो इतके आखूड घालतो, त्याच्या अंगणात पुढच्या पिढीत कोणी उरणार नाही.

तेव्हा आमचे मागणे अगदी थोडके आहे. या दोन्ही कादंबऱ्या १९९८ मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा छापल्या. त्या मंडळाच्या कपाटात असाव्यात. गणेशोत्सवातील एका व्याख्यानाचा विषय कृपाबाई असावा. इंग्रजी आणि मराठी दोन्ही बऱ्या जाणणारे आमच्यात पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणी 'सगुणा'ची काही प्रकरणे मराठीत आणून याच मासिकाकडे धाडावीत. तंजावरची नामावळी म्हणून झाली की तिच्या शेवटी हे एक नाव जोडावयास आम्हांला एका श्वासाहून अधिक वेळ लागणार नाही.